ल्वार खोऱ्यातील द्राक्षमद्ये : नावांच्या आधारे एक इतिहासशोध

१

फ्रान्समधील सर्वांत लांब नदी ल्वार ही मध्य पर्वतप्रदेशात उगम पावून प्रथम उत्तरेकडे वाहते, ऑर्लेआँ नगरापाशी पश्चिमेकडे वळण घेते आणि सुमारे एक हजार किलोमीटरांचा प्रवास करून अटलांटिक महासागरास मिळते. ह्या नदीच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी द्राक्षमळ्यांची तुटक परंतु लांबलचक रांग पसरलेली आहे. पूर्वेस सांसेर व पुयी, मध्यभागी तूरेन व आँजू हे प्राचीन प्रांत, आणि मुखाकडे नाँत नगराचा परिसर, असे तिचे स्थूल भाग पाडता येतात.

एखाद्या स्थळाच्या द्राक्षमद्यास विशिष्ट गुण का येतो, ह्या प्रश्नाचे फ्रान्समध्ये आज सर्वमान्य असलेले उत्तर एका शब्दात सामावले आहे. तो शब्द म्हणजे ‘तेर्वार’. माती, उतार, ऊन, पाऊस आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मशागत ह्यांचा जो एकत्रित परिणाम त्या स्थळी घडून येतो आणि अन्यत्र घडून येत नाही, त्यास हे नाव देतात. ह्या उत्तरात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि ते इतिहासाचे उत्तर नव्हे. भूमी पुरातन आहे म्हणून तिच्यावरील वेलही पुरातन आहे, आणि वेल पुरातन आहे म्हणून तिचे मद्यही पूर्वापार असेच होते, अशी अनुमानपरंपरा ‘तेर्वार’ ह्या शब्दाच्या आड नकळत उभी राहते. ही परंपरा पुराव्यास उतरत नाही असे दाखविणे, आणि त्या कामी द्राक्षांच्या व मद्यांच्या नावांचा साक्षीदार म्हणून उपयोग करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाव हा साक्षीदार बहुमोल आहे, पण त्याची उलटतपासणी घेतल्यावाचून त्याच्यावर विसंबता येत नाही. पुष्कळदा नाव वस्तूचे जन्मस्थान सांगत नाही. ती वस्तू ज्या वाटेने आली ती वाट सांगते. आपण ‘मोसंबी’ म्हणतो तेव्हा पूर्व आफ्रिकेतील मोझांबिकचा उच्चार करीत असतो. परंतु त्या फळाचा मूळ वंश तेथे उपजला असे त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, आपल्याकडे ते फळ त्या किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापाराच्या संबंधाने ओळखले गेले. ल्वार खोऱ्यातील नावे वाचताना हाच भेद सतत ध्यानी ठेवावा लागतो.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करून ठेवतो. मराठीत ‘मद्य’ हा शब्द सर्व मादक पेयांस लागतो, आणि ‘दारू’ हा शब्द औषधवाचक फार्सी शब्दावरून आलेला असून त्याचा रोख आज बहुधा ऊर्ध्वपातित पेयांकडे असतो. म्हणून द्राक्षरस आंबवून केलेल्या, पण ऊर्ध्वपातन न केलेल्या पेयास येथे ‘द्राक्षमद्य’ म्हटले आहे.

२

प्रथम निसर्गाचे जे देणे आहे ते मान्य केले पाहिजे. हे खोरे उत्तर अक्षांश सत्तेचाळीसच्या आसपास आहे. उत्तम द्राक्षमद्य देणाऱ्या प्रदेशांच्या उत्तर सीमेपासून ते फारसे दूर नाही. येथे उन्हाळा सौम्य असतो, शरद ऋतू ओलसर असतो आणि एप्रिलमध्ये नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या डोळ्यांवर हिवाचा घाला पडण्याचे भय दरसाल असते. १९९१ च्या व २०२१ च्या एप्रिलमध्ये पडलेल्या हिवाने ह्या खोऱ्यात मोठी हानी केली. थंडीमुळे फळात साखर सावकाश भरते आणि आम्लता टिकून राहते; येथील शुभ्र मद्यांचा तजेला व दीर्घायुष्य हे ह्या आम्लतेचेच फळ होय. एका वर्षीचे मद्य दुसऱ्या वर्षीच्या मद्यापासून फार भिन्न असते, तेही ह्याच कारणाने. ज्या वर्षी ऊन पुरेसे पडते त्या वर्षी वुव्रे येथे गोड मद्य होते. ज्या वर्षी पडत नाही त्या वर्षी तेच द्राक्ष कोरड्या किंवा फेसाळ मद्याकडे वळविले जाते. लेयों ह्या लहानशा उपनदीच्या काठी शरदातील सकाळच्या धुक्याने पिकल्या द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी चढते. ती फळातील पाणी कमी करून साखर एकवटते आणि त्यातून अतिमधुर मद्य निघते.

परंतु हवामान फक्त मर्यादा घालते. कोणती वेल येथे जगू शकणार नाही हे ते सांगते. जगू शकणाऱ्या अनेक वेलींतून कोणती निवडली गेली आणि का, हे ते सांगत नाही. ती निवड माणसांनी केली, आणि तिच्या खुणा नावांत राहिल्या आहेत.

३

पहिले उदाहरण ‘ब्रतों’ ह्या नावाचे घेऊ. शिनों, बूर्गय व सॉम्यूर ह्या परिसरातील तांबडी मद्ये ज्या काळ्या द्राक्षापासून होतात त्यास शास्त्रीय व्यवहारात ‘काबेर्ने फ्राँ’ म्हणतात. पण त्या भागातील जुने नाव आहे ‘ब्रतों’, म्हणजे ब्रिटनी प्रांताचा. ब्रिटनीत तर हे द्राक्ष पिकत नाही. मग हे नाव आले कोठून?

ह्याचे एक लोकप्रिय उत्तर असे की, सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्य ह्याने बॉर्दोकडून ह्या वेलीची कलमे मागविली आणि ब्रतों आडनावाच्या आपल्या एका धर्मोपदेशक कारभाऱ्याच्या हवाली केली. त्याच्या नावावरून वेलीस नाव पडले. ही कथा अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा छापली गेली आहे. तिचे खंडन करण्यास एकच तारीख पुरेशी आहे. शिनोंजवळच जन्मलेला फ्राँस्वा राब्ले ह्याच्या ‘गार्गांत्युआ’ ह्या ग्रंथात, म्हणजे १५३४ च्या सुमारास, ‘ब्रतों’ मद्याचा उल्लेख आलेला आहे; इतकेच नव्हे, तर हे मद्य ब्रिटनीत नव्हे, वेरोंच्या प्रदेशात होते, असा खुलासाही तेथे आहे. वेरों म्हणजे व्हिएन व ल्वार ह्यांच्या संगमाजवळचा दुआब. रिशल्यचा जन्म १५८५ चा. जे नाव त्याच्या जन्मापूर्वी अर्धशतक रूढ होते ते त्याच्या कारभाऱ्यावरून पडणे शक्य नाही. राब्लेस खुलासा करावासा वाटला ह्यावरून आणखी एक गोष्ट दिसते : हे नाव त्या काळीही ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटत होते, म्हणजे त्याचे मूळ कारण तोवर लोकांच्या विस्मरणात जाऊ लागले होते.

ह्या नावाचा उलगडा व्यापाराच्या वाटेत आहे. ल्वारच्या मुखाजवळचे नाँत हे बंदर ब्रिटनीच्या डचीत मोडत होते. ती डची फ्रान्सच्या राज्यात विधिपूर्वक समाविष्ट झाली १५३२ मध्ये. दक्षिणेकडील बॉर्दोच्या बाजूने समुद्रमार्गे आलेला माल नाँत येथे उतरे आणि तेथून नदीने वर तूरेनकडे जाई. वरच्या भागातील मळेवाल्याच्या दृष्टीने ती वेल ब्रिटनीच्या दारातून आलेली, म्हणून ‘ब्रतों’. हे नाव उगमाचे नसून दाराचे आहे.

आनंदाची गोष्ट ही की, ह्या अनुमानास सर्वस्वी निराळ्या शास्त्राने दुजोरा दिला आहे. आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून काबेर्ने फ्राँचे निकट नाते पिरेनीज पर्वतालगतच्या बास्क प्रदेशातील काही जुन्या वाणांशी असल्याचे आढळले आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हेही दाखविले की, बॉर्दोचे कीर्तिमान ‘काबेर्ने सोव्हिन्यों’ हे काबेर्ने फ्राँ व शुभ्र सोव्हिन्यों ह्यांच्या नैसर्गिक संकरातून उपजलेले अपत्य होय. वेल नैर्ऋत्येकडून आली, सागरी वाटेने आली, असे नावावरून जे तर्काने म्हणता येत होते, त्याच्याशी वेलीच्या पेशींतील पुरावा जुळतो. दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या म्हणजे इतिहासकाराने निर्धास्त व्हावे असे नाही. पण एक पाऊल पुढे टाकण्यास हरकत नसते.

४

सर्वच नावे इतकी अनुकूल साक्ष देत नाहीत, हे दुसऱ्या उदाहरणावरून दिसेल. वुव्रे, साव्हेनिएर व लेयों येथील शुभ्र मद्यांचे द्राक्ष म्हणजे ‘शेनँ’. नाशिककडे त्याचा उच्चार ‘शेनिन’ असा करतात. ह्या वेलीचा इतिहास नवव्या शतकातील आँजूच्या मठांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. परंतु त्या काळच्या दानपत्रांत द्राक्षमळ्यांचा निर्देश असला तरी त्यावरून वाण ठरविता येत नाही. मळा होता एवढ्यावरून तो शेनँचा होता असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान कालच्या कागदात वाचणे होय. ह्या नावाचा सुप्रसिद्ध जुना उल्लेख पुन्हा राब्लेच्याच ग्रंथात सापडतो. तेथे एका जखमी गावकऱ्याच्या पायांवर टपोऱ्या शेनँ द्राक्षांचा उपचार केल्याचा विनोदी प्रसंग आहे. असे सहजगत्या आलेले उल्लेख भाषेच्या अभ्यासकास औपचारिक लेखांइतकेच मोलाचे वाटतात. वाचकास परिचित असल्यावाचून लेखक ते नाव इतक्या सहजतेने वापरता ना.

व्युत्पत्तीचा प्रश्न मात्र बिकट आहे. तूरेनमधील कॉर्मरी मठाच्या परिसरातील मों-शेनँ ह्या स्थळावरून वेलीस हे नाव पडले, असा एक पक्ष आहे. जुन्या फ्रेंचमधील श्वानवाचक विशेषणाशी ह्या नावाचा संबंध जोडणारा दुसरा पक्ष आहे. ध्वनींच्या बाजूने दोहोंनाही बाध येत नाही. अशा वेळी केवळ ध्वनिसाम्यावर इतिहास उभारणे अप्रशस्त होय. ह्याच वेलीस ‘पिनो द ला ल्वार’, म्हणजे ल्वारचा पिनो, असेही एक नाव आहे. पण बूर्गोञच्या पिनो वाणाशी तिचा एकरूपपणा मुळीच नाही. ‘पिनो’ हा शब्द पाइन वृक्षाच्या फळावरून आला असून, त्या फळासारखा गच्च दाण्यांचा घोस असलेल्या निरनिराळ्या वेलींना तो लावला जाई. येथे नाव वंश सांगत नाही, रूप सांगते. आनुवंशिक परीक्षेवरून शेनँचा एक जनक ‘सावान्यँ’ हा पूर्व फ्रान्समधील ज्यूरा प्रदेशात आज प्रसिद्ध असलेला वाण ठरला आहे. म्हणजे ज्या वेलीस आपण आँजूची भूमिकन्या समजतो तिच्या मातापित्यांपैकी एकाचे आप्त आज पूर्वेकडे नांदत आहेत.

दंतकथांची तपासणीही अशीच करावी लागते. तूरचा धर्माध्यक्ष संत मार्तँ (निधन ३९७) ह्याच्या गाढवांनी मठाच्या वेली कुरतडल्या, पुढील वर्षी त्याच वेलींना अधिक फळ आले, आणि छाटणीची कला माणसांना कळली, अशी कथा ह्या खोऱ्यात सांगतात. परंतु गाढवाने वेल खाल्ल्याने अधिक फळ आल्याची कथा दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस ह्याने नॉप्लिया ह्या ग्रीक नगराविषयी नोंदविली आहे. कथाही वेलींप्रमाणे स्थलांतर करतात आणि नव्या भूमीत जुन्या भासू लागतात.

५

वेली व नावे ज्या वाटेने फिरली ती वाट म्हणजे स्वतः नदी. ल्वार ही नौकानयनास सोयीची नदी नव्हे. उन्हाळ्यात ती वाळूच्या बेटांत हरवते आणि पावसाळ्यात उधाणते. पण तिला एक अनुकूलता होती. ह्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा प्रबळ असतो. म्हणून उथळ तळाच्या गलबतांना प्रवाहाबरोबर समुद्राकडे उतरता येई आणि शीड उभारून त्याच नदीने वर चढताही येई. मध्ययुगापासून ह्या नदीवरील व्यापाऱ्यांचा एक संघ होता. नदीचा मार्ग मोकळा ठेवणे व जागोजागच्या जकातदारांशी झगडणे हे त्याचे कार्य.

जकातीने मद्याचा गुण कसा घडविला ह्याचे उदाहरण अँग्रांद ह्या गावी मिळते. आँजू व ब्रिटनी ह्यांची सीमा तेथे होती, आणि ब्रिटनीत जाणाऱ्या मद्यावर तेथे जबर कर पडे. हलक्या मद्यास तो कर झेपत नसे. परिणामी आँजूतील उत्तम मद्य कर भरून नाँतकडे व तेथून सतराव्या शतकापासून विशेषतः डच व्यापाऱ्यांकडे जाऊ लागले, आणि हलके मद्य नदीने वर ऑर्लेआँमार्गे पॅरिसला जाऊ लागले. मळेवाल्यांच्या बोलीत ‘समुद्राची मद्ये’ व ‘पॅरिसची मद्ये’ असे दोन वर्गच पडले. हा भेद केवळ मातीने केला नव्हता. त्यामागे कराचा तक्ता होता. फ्रेंच राज्यक्रांतीने अंतर्गत जकाती १७९० मध्ये रद्द केल्या, पण ज्या उतारांवर दीडदोनशे वर्षे निवडक मद्यासाठी काळजीपूर्वक मशागत झाली होती ते उतार तोवर प्रतिष्ठित झालेले होते. लेयोंकाठच्या ‘कार द शोम’ ह्या विख्यात मद्याच्या नावात तर सरंजामी हक्कच जिवंत राहिला आहे. ‘कार’ म्हणजे चौथाई, शोमच्या पिकातील भूस्वामीचा चौथा हिस्सा.

ऑर्लेआँचे भाग्य नेमके उलट दिशेने गेले. नदी जेथे पॅरिसच्या सर्वांत जवळ येते तेथे हे नगर वसले असल्याने माल गलबतांतून उतरवून तेथून खुष्कीने राजधानीकडे जाई. मध्ययुगात ऑर्लेआँच्या मद्याची ख्याती मोठी होती. तेथील ‘ओव्हेर्ना’ हे पिनो वाणाचे स्थानिक नाव नदीच्या उगमाकडील ओव्हेर्ञ प्रांताकडे बोट दाखविते. मग १५७७ मध्ये पॅरिसच्या उच्च न्यायपीठाने असा निर्बंध घातला की, राजधानीतील मद्यविक्रेत्यांनी नगरापासून वीस लीगांच्या, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरांच्या आत मद्य खरेदी करू नये. ह्या वर्तुळाच्या लगेच बाहेरचा मोठा मद्यप्रदेश ऑर्लेआँचा. पॅरिसच्या गुत्त्यांची स्वस्त व गडद मद्याची मागणी त्याच्यावर येऊन कोसळली आणि भरघोस पिकणाऱ्या हलक्या वाणांनी जुन्या ओव्हेर्नास मागे सारले. माती तीच राहिली, कीर्ती गेली. वाटेत आंबट झालेली पिंपे येथेच उतरविली जात, त्यामुळे ‘आंबट मद्य’ असा ज्याच्या फ्रेंच नावाचा मूळ अर्थ आहे त्या व्हिनेगरचा धंदा येथे भरभराटला. ऑर्लेआँच्या व्हिनेगरकारांच्या संघास १३९४ इतक्या पूर्वी मान्यता मिळाली होती. पुढे १८४३ मध्ये पॅरिस-ऑर्लेआँ लोहमार्ग सुरू झाला, १८५१ मध्ये तो नाँतपर्यंत पोहोचला, आणि गलबतांचा जमाना मावळला.

रोजे दिओं ह्या भूगोलज्ञ इतिहासकाराने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच द्राक्षमद्याच्या बृहत् इतिहासात हाच सिद्धांत विस्ताराने मांडला आहे : उत्तम मद्याचा प्रदेश कोठे निर्माण झाला हे समजण्यासाठी मातीपेक्षा बाजारपेठ, जलमार्ग आणि नगरे ह्यांकडे आधी पाहावे. दिओंचा भर सनदा, कर आणि बाजार ह्यांच्या पुराव्यावर आहे. नावांची साक्ष त्याच्या सिद्धांतास बळकटी आणते असे मला वाटते.

६

नदीच्या मुखाकडील ‘मुस्कादे’ हे मद्य ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याच्या नावात एकही अक्षर खरे नाही, असे विनोदाने म्हणता येईल. हे नाव कस्तुरीच्या गंधाचे सूचक आहे. लॅटिन ‘मुस्कुस’, फार्सी ‘मुश्क’ आणि संस्कृत ‘मुष्क’ अशी त्याची शब्दपरंपरा सांगतात. पण ह्या मद्यास कस्तुरीगंध नाही आणि ‘मस्कत’ नावाच्या सुगंधी द्राक्षकुळाशी त्याचे काही नाते नाही. ज्या वाणापासून ते होते त्याचे अधिकृत नाव ‘मेलों द बूर्गोञ’, म्हणजे बूर्गोञचा मेलों. तो आता बूर्गोञमध्ये जवळजवळ उरलेला नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने तो पिनो व ‘ग्वे’ नावाचा एक हलका समजला गेलेला वाण ह्यांचे अपत्य असल्याचे दाखविले. ह्याच जोडप्याची दुसरी संतती म्हणजे जगद्विख्यात ‘शार्दोने’.

पूर्वेकडील ही वेल समुद्रकाठी स्थिर कशी झाली? सतराव्या शतकात नाँत येथे डच व्यापाऱ्यांचे मोठे वास्तव्य होते. त्यांना मुख्यतः ऊर्ध्वपातनासाठी हलके, आंबट, शुभ्र मद्य हवे होते. अशा ‘जाळलेल्या मद्यास’ ते आपल्या भाषेत ‘ब्रांडवाइन’ म्हणत. इंग्रजांनी त्याचे ‘ब्रँडी’ केले आणि इंग्रजीच्या द्वारा तो शब्द मराठीत आला. ह्या मागणीमुळे नाँतच्या परिसरात तांबड्या वेली मागे पडून शुभ्र वेली वाढल्या. त्यानंतर १७०९ चा भयंकर हिवाळा आला. फ्रान्समधील असंख्य वेली त्या थंडीत मेल्या. मेलों हा वाण थंडीस चिवट असल्याने पुढील लागवडीत त्याला अग्रस्थान मिळाले. निसर्गाने निवड केली हे खरे, पण निवडीसाठी ती वेल तेथे आणून ठेवली होती व्यापाराने.

ह्या मद्यावर ‘स्यूर ली’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ असा की, किण्वनानंतर तळाशी बसलेल्या गाळावरच ते हिवाळाभर ठेवले जाते आणि त्या गाळापासून त्यास भरीवपणा येतो. ‘ली’ म्हणजे गाळ. हा शब्द फ्रेंचमध्ये प्राचीन गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून राहिला आहे. विद्वानांच्या मते ल्वार नदीचे ‘लिगेर’ हे प्राचीन नावही गाळवाचक त्याच धातूपासून सिद्ध झालेले आहे. म्हणजे नदी आणि पिंपाचा तळ ह्यांचे नाव मुळात एकच. लॅटिन आली, लॅटिनची फ्रेंच झाली, वेली बदलल्या, राज्ये बदलली. गाळाचा शब्द मात्र जागचा हलला नाही.

७

आता नावांच्या इतिहासातील अखेरच्या पर्वाकडे वळू. येथवर नावे लोकव्यवहारात घडत व बदलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांना न्यायालयाने व विधिमंडळाने हात घातला.

ह्याचा आरंभ ल्वारकाठीच झाला. सॉम्यूर येथे १८११ मध्ये आकरमान ह्या व्यापाऱ्याने पेढी स्थापिली, आणि पुढे तेथे मऊ चुनखडीच्या खाणींतून फेसाळ मद्य तयार होऊ लागले. सॉम्यूरचे उत्पादक आपल्या मालास ‘शॅम्पेन’ म्हणू लागले. शॅम्पेन हे पद्धतीचे नाव की प्रदेशाचे, असा वाद न्यायालयात गेला. आँजूची राजधानी आंजे येथील अपील न्यायालयाने १८८७ मध्ये आपल्याच परिसरातील उत्पादकांविरुद्ध निर्णय दिला की, शॅम्पेन प्रांतात पिकलेल्या व तयार झालेल्या मद्यासच ते नाव लागेल; १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नाव म्हणजे भूमी, हे तत्त्व अशा रीतीने ल्वारच्या पराभवातून प्रस्थापित झाले. पुढे भेसळविरोधी कायदा (१९०५), उगमनामांविषयीचा कायदा (१९१९) आणि नियंत्रित उगमनामांची संस्था उभारणारा १९३५ चा हुकूम, असा त्याचा विस्तार झाला. त्या व्यवस्थेखाली व्हुव्रे व सांसेर ह्यांना १९३६ मध्ये, तर शिनों, बूर्गय व पुयी-फ्युमे ह्यांना १९३७ मध्ये नामाधिकार मिळाला. सीमा, वाण आणि उत्पन्नाची मर्यादा हे सारे नावाशी कायद्याने जखडले गेले.

ह्या जखडण्याचा ऐतिहासिक परिणाम सांसेरच्या दाखल्यात स्पष्ट दिसतो. आज सांसेर म्हणताच सोव्हिन्योंचे शुभ्र मद्य डोळ्यांपुढे येते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ह्या मुळे कुरतडणाऱ्या अमेरिकन किडीने येथील मळे उद्ध्वस्त करीपर्यंत सांसेरच्या उतारांवर तांबड्या मद्यांच्या वेलींचे प्राबल्य होते. कीड येऊन गेल्यावर अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून पुनर्लागवड झाली, आणि त्या वेळी सोव्हिन्योंने आघाडी घेतली. १९३६ च्या हुकमाने नामाधिकार दिला तो शुभ्र मद्यास. पूर्वीच्या मुख्य परंपरेस, म्हणजे तांबड्या मद्यास, तो १९५९ पर्यंत मिळाला नाही. सुमारे अर्धशतकाची स्थिती कायद्याने सनातन ठरविली.

आणि ज्या शब्दाने ह्या सनातनत्वाचे समर्थन केले जाते त्या ‘तेर्वार’ शब्दाची गोष्ट काय? प्रदेशवाचक लॅटिन ‘तेरितोरिउम’ ह्या शब्दापासून तो निघाला. सतराव्या-अठराव्या शतकांत मद्यास ‘तेर्वारची चव’ आहे असे म्हटले तर तो बहुधा दोष मानला जाई. मातकट, गावंढळ, संस्कारहीन असा त्याचा अर्थ होता. आज तोच शब्द स्तुतीची परिसीमा झाला आहे. निंदेचा शब्द स्तुतीचा झाला त्याच्या मुळाशी, नकली मालापासून आपले नाव वाचवू पाहणाऱ्या मळेवाल्यांचा लढा आणि त्या लढ्यातून जन्मलेला कायदा आहे. ह्या कायद्याने लहान मळेवाल्यास संरक्षण दिले, ही त्याची सेवा मोठी आहे. तिचे अवमूल्यन करण्याचा येथे हेतू नाही. म्हणणे इतकेच की, कायद्याने भविष्यासाठी बांधलेली गाठ इतिहासकाराने भूतकाळात बांधलेली समजू नये.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ल्वार खोऱ्यातील प्रमुख वेलींपैकी कित्येक बाहेरून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या येण्याची वाट नावांत टिकून आहे. दुसरी, नाव कधी वाट, कधी रूप, कधी हक्क आणि कधी निव्वळ गैरसमज सांगते; ते काय सांगत आहे हे तारखांच्या व अन्य शास्त्रांच्या कसोटीवर ठरवावे लागते. तिसरी, कायद्याने नाव भूमीशी बांधले की नावाची ही साक्ष देण्याची शक्ती क्षीण होते. कारण त्यानंतर नाव बदलत नाही, आणि जे बदलत नाही ते इतिहासाची नोंद करीत नाही.

शेनँने ल्वार सोडून केलेला प्रवास ह्या तिन्ही गोष्टींचे प्रत्यंतर देतो. डचांनी दक्षिण आफ्रिकेत केपच्या वसाहतीत १६५५ पासून वेली लावल्या. त्यांच्या परंपरेतील ‘स्टीन’ नावाचे द्राक्ष पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच मानले जात होते. ते शेनँच आहे ही ओळख पटली १९६० च्या दशकात. नाव हरवले, वंश राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीच वेल नाशिक जिल्ह्यात आली. ल्वारकाठी जी हिवाच्या भयाने वाढते ती येथे हिवाळ्यातील कोवळ्या उन्हात पिकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी खुडली जाते.

भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या भारतीय कायद्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ ह्या नावाची नोंदही झालेली आहे. म्हणजे नाव भूमीशी बांधण्याची जी क्रिया ल्वारकाठी १९३६ मध्ये घडली तिचा आरंभ आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. खरड छाटणी व गोडी छाटणी असे शब्द वापरणाऱ्या बागाईतदारांनी परकीय वाणांच्या नावांचे उच्चार कसे बदलले, ‘तास-ए-गणेश’सारख्या नावात तासगाव कसे येऊन बसले, ह्याची नोंद आज बागांत जाऊन करता येण्यासारखी आहे. शिनोंच्या मळेवाल्यांना ‘ब्रतों’ म्हणजे काय हे पंधराव्या शतकात कोणी विचारून ठेवले असते, तर रिशल्यच्या कारभाऱ्याची कथा जन्मास आली नसती. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी सूचना करून हा लेख संपवितो.